होकाराला प्राणवायू

वेनेस, रविवार

प्रिय सिक्स्टेन भावजी,

नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल असे धरून चालते. नसेल तर डॉक्टरांचे ऐका, शेजाऱ्यांचे नको. तुमच्या बंधुराजांच्या हातात आता चमचा टिकत नाही आणि जीभ जड झाली आहे. डोके मात्र तल्लख (माझ्या शब्दकोड्यातल्या चुका अजून काढतात).

मंगळवारी संशोधनासाठी त्यांच्या दंडाची वाटाण्याएवढी कातडी द्यायला गेलो. तिच्यापासून काचेच्या बशीत मज्जापेशी वाढवतात. अशा पेशीचा धागा कण्यापासून पार पायापर्यंत जातो आणि त्यातून सामानाची सारखी ने-आण चालते. या आजारात ते सामान वाटेत अडते, टोक उपाशी राहते, स्नायू वाळतो. का अडते, ते हे लोक शोधतात. (हे मला तरुण डॉक्टर माल्टेने समजावले. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, हे सांगायला त्याने उसंतच दिली नाही.) मुलगा दक्षिणेचा, नुकताच आलेला. त्याने विचारले, "तुमची संमती आहे ना?" बंधुराजांनी ओठ आवळून श्वास आत ओढला: शुप्! (आपल्या उत्तर स्वीडनमध्ये हाच 'हो'. तुम्ही दक्षिणेत माल्मोला जाऊन विसरला असाल, म्हणून सांगते.) माल्टे दचकला. "बरं वाटतंय ना काका?" शुप्! "नक्की?" शुप्! झाले, धावाधाव, तोंडावर प्राणवायूचा मास्क. मी म्हटले, "अहो, ते हो म्हणताहेत!" तर म्हणतो, "बाई, बाजूला व्हा, त्यांना श्वास घेता येत नाहीये!" शेवटी इथलीच नर्स डीसा आली. "काढा तो मास्क, डॉक्टर. म्हातारा तीनदा हो म्हणालाय. लग्नातसुद्धा एकदाच म्हणतात!" त्यावर बंधुराज इतके हसले की खराच दम लागला आणि मास्क पुन्हा चढवावा लागला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

कातडी दिली. बाकी सगळे ठीक आहे. इतक्या लांब येण्याची दगदग मुळीच करू नका.

तुमची वहिनी,
गुन्वोर

ता.क. तुलनेसाठी माल्टेला सख्ख्या, निरोगी भावाचीही कातडी हवी आहे. सुई पाहून तुम्हाला भोवळ येते, हे त्याला सांगून ठेवले आहे. आडवे झोपवून घेतात.

पुन्हा ता.क. ती कातडी माल्मोतूनही पाठवता येते. मी चौकशी केली आहे. बंधुराजांना हे सांगितलेले नाही; त्यांना वाटते, तुम्हाला यावेच लागेल. भावजी, तुमचे नाव उच्चारायला कठीण आहे. अजून जमते त्यांना. लवकर निघा.