गिलाव्याखालचे पणजोबा

वॉटलफर्ड, टास्मानिया
१० जून १९७४

ती. एनिडताईस,
ऑल्विनचा सा. न. वि. वि.

सरकारचा नवा हमरस्ता नेमका आपल्या स्वयंपाकघरातून जाणार आहे. घर कैद्यांनी पाडलेल्या विटांचं असेल तरच रस्ता वळवू, असं वारसा समितीचे गृहस्थ म्हणाले. आजोबांनी गिलाव्यावर रेघा मारून दगडी चिऱ्यांचा असा काही आव आणलाय की समितीही फसली. गिलावा उतरवावा म्हणतो. घर दोघांचं, म्हणून तुझा होकार हवा. दुसरीकडे मला जगता यायचं नाही, ताई.

लोभ आहेच, तो रस्त्याखाली जाऊ देऊ नकोस.
तुझा ऑल्विन

हॉबार्ट, १७ जून

चि. ऑल्विन, अनेक आशीर्वाद.

होकार मिळणार नाही. त्या विटांवर जेबेझ पणजोबांच्या अंगठ्याचे ठसे आहेत. एक रुमाल चोरला म्हणून काळ्या पाण्यावर आलेल्या माणसानं मालकासाठी पाडलेल्या विटा त्या. पुढे सुटल्यावर घर त्यानंच विकत घेतलं, हे आमच्या महिला मंडळातल्या बायकांना कोण समजावणार? पणजोबा सरकारी कामावर आले, असं मी त्यांना सांगत आलेय. त्यात खोटं काय? सरकारी जहाजातून सरकारी खर्चानं आले, आणि सरकारनं त्यांना परत जाऊ दिलं नाही.

गिलाव्याला हात लावलास तर याद राख. छाती शेकत जा, आणि माया पातळ करू नकोस.
एनिड

वॉटलफर्ड, ८ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी काही केलं नाही. ओलीनं चुलीमागचा गिलावा सुटलाच होता. तो पडला तेव्हा माझ्या हातात हातोडी होती, इतकंच. समितीच्या गृहस्थांनी ठसे पाहून चक्क टोपी काढली. रस्ता वळला. पण फोटो उद्याच्या पेपरात येतोय, पणजोबांच्या नावासकट. रागाव, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.
ऑल्विन

हॉबार्ट, १५ जुलै

चि. ऑल्विन, अनेक आशीर्वाद.

पेपर हातात घेऊनच मंडळाच्या अध्यक्षा मिसेस पार्गेटर आल्या. मी चहाबरोबरचे स्कोनही पुढे केले नाहीत. बाई खुर्चीत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "एनिड, आमचेही तसेच आले होते गं." मग आम्ही दोघी खूप रडलो.

आता मंडळात जिच्या घराण्यात कैदी नाही तिला कोणी विचारत नाही. रविवारी येते. दर्शनी भिंत तशीच ठेव, तिचा गिलावा मी माझ्या हातानं पाडणार आहे.

आणि पणजोबांनी खरंच नुसता रुमालच चोरला होता का, ते नीट बघ. मिसेस पार्गेटरकडे अख्खं डुक्कर आहे. आपल्या घराण्याला रुमाल शोभत नाही.

माया आहेच, वाढली तर सांभाळ.
तुझी एनिड