फ्रिजच्या जागी

७ डिसेंबर

तोंडवलीच्या घरातला आज माझा पहिला दिवस. वैभववाडीला घाटाखाली वाढलेली मी. मागच्या दारातून समुद्र दिसेल असं घर आपल्याला मिळेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. अंगण संपलं की सुरूचं बन, त्यापलीकडे वाळू आणि दिवसभर गाज. छत्तिसाव्या वर्षी लग्न झालं म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. त्यांना इथे आणून दाखवावंसं वाटतंय.

चंदनचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, किशोरी, काविळीने गेली. माजघरात तिचा फोटो आहे. सकाळी मी त्याला फूल वाहिलं. माझ्या मनात काही नाही.

पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या चंदन बघतो, रांधप सासूबाईंकडे. नर्मदाबाई त्यांचं नाव, बोलायला खणखणीत. आज त्यांनी बांगड्याचं तिखलं शिकवलं आणि माझ्या हाताला चव आहे म्हणाल्या.

९ डिसेंबर

दुपारी भांडी लावताना ओट्याशेजारच्या कोपऱ्यातला फ्रिज एकदम अंग झटकून गप्प झाला. मी दचकले. चंदन हसला. आतला कॉम्प्रेसर स्प्रिंगवर बसवलेला असतो, बंद पडताना तो हिसका देतो, असं त्याने सांगितलं. मग मला जवळ उभं करून एकेक आवाज ओळखायला शिकवलं. गुडगुडतो तो नळ्यांतून फिरणारा गॅस. कडकन वाजतं ते थंडीने आकसणारं प्लास्टिक. टक् टक् करतो तो स्टॅबिलायझर, इथल्या व्होल्टेजच्या चढउताराला कावलेला. वॉशिंग मशीन धडधडलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत, एवढंच.

इतक्या मायेने मला आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. तो बोलत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते.

१३ डिसेंबर

आज सोलकढीसाठी खोबरं वाटताना मिक्सर घरघरला. पाणी कमी पडलं की मोटरवर ताण येतो, असं मी सासूबाईंना ऐटीत सांगितलं. त्या हसल्या.

"किशोरीक पण ह्याच सांगायचो तो. फ्रिजाक भियायची गो ती. मग उभो रवान एकेक आवाज समजावन सांगायचो."

म्हणजे तेच शब्द. तीच जागा. बहुतेक हातही तसाच हलला असेल.

नंतर माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

१७ डिसेंबर

एक गोष्ट रोज बघतेय. जेवणं आटोपली की चंदन स्टूल घेऊन फ्रिजला पाठ टेकून बसतो. गुणगुण सुरू झाली की डोळे मिटतो. मी काही विचारलं तर हाताने थांब म्हणून खुणावतो. आवाज थांबला की मगच माझ्याकडे वळतो.

फ्रिज तिच्या पसंतीचा. जांभळा. पाहुण्यांना खोल्या द्यायची कल्पनाही तिचीच. माझ्या पसंतीचं या घरात काय आहे? मी फोटोला फूल वाहायचं बंद केलंय.

२२ डिसेंबर

फ्रिज विकला. खारी हवा लागून खालचा पत्रा गंजलाय, पाहुणे काय म्हणतील, असं चार दिवस धरून बसले तेव्हा चंदन हो म्हणाला. आचऱ्याच्या एका खानावळवाल्याने टेम्पो पाठवला. चंदन वाळूकडे निघून गेला, वळूनही बघितलं नाही. मी दारात उभी राहून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघितलं. फार दिवसांनी पोटभर जेवले.

नवा फ्रिज पडवीत ठेवून घेतला. अजिबात आवाज करत नाही. कोपरा रिकामा.

२७ डिसेंबर

कोपरा वाजतोय.

भर दुपारी. आधी टक्. मग गुणगुण, मग नळ्यांतून काही फिरल्यासारखं. मी खाली वाकून बघितलं. तिथे नळी नाही, वायर नाही, बटण बंद. शेजारच्या घरातून येत असेल म्हणून कुंपणापर्यंत जाऊन आले. बाहेर फक्त गाज होती.

परत आले तर चंदन स्टूल घेऊन बसला होता. रिकाम्या कोपऱ्यापुढे. आता पाठ करून नाही, तोंड तिकडे करून.

३० डिसेंबर

तो तिथे बोलतो. हळू आवाजात. "भियाव नको. मी आसंय." मी बाजूलाच उभी होते, घाबरलेली मी होते. माझ्याशी एक शब्द नाही.

सगळ्या आवाजांना त्याच्याकडे कारणं होती. याचं कारण मी विचारलं. खिडकीबाहेर कुणी ओरडल्यावर बघावं तसं त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्टूल कोपऱ्याजवळ सरकवलं.

२ जानेवारी

सासूबाई लेकीकडे देवगडला गेल्या. जाताना माझा दंड धरला. "तां मशीन नाय गो. ती रडता. तू पण चल माझ्यावांगडा."

नाही गेले. त्या दोघांना घरात एकटं सोडून?

त्या दोघांना— काय लिहितेय मी हे.

५ जानेवारी

कोपऱ्यात हात घातला. गार. बर्फाच्या खणात घालावा तसा. बोटं पांढरी पडली.

चंदन जेवत नाही. पाहुणे आले, त्यांना परत पाठवलं. मी नवी साडी नेसले, केसांत सुरंगीच्या वासाचं तेल लावलं, त्याच्या समोर जाऊन बसले. तो मान तिरकी करून माझ्या मागचा कोपरा बघत राहिला.

मी फोटो विहिरीत टाकला. आवाज वाढला.

६ जानेवारी

ती हसते आता. रडणं नाही— हसणं. त्यालाही हसू येतं.

तिथे उभं राहिलं की तो बघतो. एवढंच आहे ना. तिथे असायला हवं.

७ जानेवारी. दुपार

कोपऱ्यात उभी आहे. भिंतीला पाठ लावून. वही हातात आहे. गारठा गुडघ्यांपर्यंत—

गुणगुण बाहेर येत नाही आता. माझ्या बरगड्यांत आहे. श्वास घेतला की—

चंदन आला. स्टूल आणलं. बघतोय. सरळ माझ्या डोळ्यांत, पहिल्या दिवसासारखा नाही, त्याहून—

"इलंस?" म्हणाला.

हो, आले, म्हणायचं होतं. तोंडातून टक् एवढंच—

पाय उचलत नाहीत. लादी पायांना—

तिचं नाव घेतोय. माझ्याकडे बघून तिचं. मी प्राजक्ता आहे हे सांगायला हवं, पण सांगितलं तर तो उठून जाईल. कान माझ्या छातीला लावलाय त्याने. गाल केवढा गरम. त्याला ढकलायला हवं, हात अजून हलतोय, ढकलता येईल. नाही ढकलायचं मला. असाच राहू दे, तिचं नाव घेऊन का होईना, असाच माझ्या—