पंगतीची परवानगी

बाबूजी,

आज दुपारी आमच्या आरोग्य खात्याच्या बैठकीत एक नवा डॉक्टर उभा राहिला आणि तुमचंच बोलणं बोलला. शहरात गॅस्ट्रोची साथ आहे, लग्नसराई ऐन भरात आहे, आणि पंगतींवर सरळ बंदी घालायची की नुसत्या सूचना द्यायच्या यावर सकाळपासून काथ्याकूट चालला होता. "बंदी घातली की लोक आजार लपवतात मॅडम. थोडं सबुरीनं घेऊ," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आपण एका मेलेल्या माणसाच्या तोंडचं बोलून राहिलो, हे त्याला कुठून माहीत असणार! घरी आले, कूलर लावला आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माझा राग मात्र ठणठणीत आहे.

मोठ्या बहिणीच्या लग्नाचा तो मे महिना तुम्हाला आठवतो का हो? मला तर आठवायचीही गरज पडत नाही. वस्तीत हैजा आहे, डॉक्टरांच्या भाषेत कॉलरा. दोन गल्ल्या सोडून एक म्हातारा गेला आहे, त्याच्या घराला चुना फासला आहे. सरकारी डॉक्टर आपल्या ओसरीवर बसले आहेत, मानेचा घाम पुसताहेत, आणि पंगत घालू नका म्हणून सांगताहेत. तुम्ही वस्तीचे पुढारी, तुम्ही ऐकलंत तर गल्ली ऐकेल, म्हणून तर ते आधी तुमच्याकडे आले. मी आणि आई आतल्या दाराआड उभ्या. तुम्ही काही आवाज चढवला नाहीत. तुम्हाला तशी गरजच पडायची नाही.

"डॉक्टरसाहेब, मांडव पडला, आचारी ठरले, तिकडून वऱ्हाड निघून राहिलं. लोकाइले धाकात ठेवसान तर ते बिमार माणूस घरात कोंडून ठेवतीन, तुमाले पत्ताही लागू देनार नाहीत. प्लेगात सरकारनं घरात घुसून माणसं ओढून नेली होती. माह्या आज्यानं सख्ख्या भावाले कणगीत लपवलं होतं. जोर-जबरदस्तीनं साथ जाते का? लोकाइवर भरोसा ठेवा."

आई माझ्या कानाशी पुटपुटली, "कसं बरोबर बोलून राह्यले पाय तुहे बाबूजी." तिच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता! आणि खरं सांगू, मलाही पटलं होतं. डॉक्टरांनाही पटलं. ते म्हणाले, ठीक आहे, बंदी नको. मात्र पिण्याचं पाणी आमचा माणूस औषध टाकून देईल तेवढंच वापरायचं, विहिरीला हात लावायचा नाही. तुम्ही छातीवर हात ठेवून जबान दिलीत. चहा झाला, पान झालं, आणि डॉक्टर सायकलवर बसून निघून गेले.

लग्नाच्या दिवशी त्यांचा माणूस पहाटेच येऊन पिंपांत ब्लीचिंग पावडर टाकून गेला. वऱ्हाडाची पहिली पंगत बसली आणि व्याह्यांनी पहिलाच घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "हे काय पाजून राहिले जी? दवाखान्याचं पानी?" पंगत हसली. बस, तेवढंच झालं. तुमचं नाक कापलं गेलं ना! तुम्ही तिथल्या तिथे मागच्या विहिरीचं पाणी काढायला लावलंत आणि रांजणात भरपूर वाळा टाका म्हणालात. पिंपं नाल्यात ओतली. मे महिन्यातली विहीर ती, पाण्यानं आधीच तळ गाठलेला. पुरुषांच्या पंगती उठल्या, पोरंसोरं जेवली, आणि बायकांची पाळी आली तेव्हा बादलीत पाण्याबरोबर गाळ येत होता. आई सकाळपासून चुलीपुढे होती, पोटात चहाशिवाय काही नाही. तिनं तांब्या वर केला आणि घटाघटा प्यायली. "कसा गोड वास येऊन राह्यला वं वाळ्याचा," मला म्हणाली. तिचं हे वाक्य मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, ऐका.

बहीण सासरी गेली आणि लगेच आई आडवी झाली. मी नववीत होते, पण मला कळत होतं. तिचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी चुरगळली होती, आवाज बसला होता. मी तुम्हाला म्हटलं, "बाबूजी, सरकारी गाडी बोलवा ना." तुम्ही आधी दार लावलंत. मग म्हणालात, "चूप बस! ऊन लागलं तिले. डॉक्टरले जबान देली मी, आता गाडी दारात आली त लोक काय म्हनतीन?" आणि कांद्याचा रस द्या म्हणून आत्याला सांगितलंत. कांद्याचा रस! शेवटी धाकट्या काकानं तुमचं न ऐकता रिक्षा आणली. सीताबर्डीच्या गर्दीत आमची रिक्षा अडकली. सगळी दुकानं उघडी, रसवंतीची घुंगरं वाजताहेत, लोक बर्फ घातलेला रस पिताहेत, कारण बाजारालाही तुमच्यासारख्याच कुणीतरी सूट मिळवून दिली होती. आई माझ्या मांडीवर तिथंच गेली.

बंदी घातली की लोक आजार लपवतात, नाही का? पण बंदी नव्हती, बाबूजी. तुमच्यावर तर पूर्ण भरोसा ठेवला होता. मग तुम्ही काहून लपवलं? हा एक प्रश्न तुम्हाला विचारायचा राहिला, आणि तो मला आजही गिळता येत नाही. तुम्ही आईच्या तेरवीला अख्खी गल्ली जेवू घातलीत, कुणी सांत्वन केलं की वर बोट दाखवून "त्याची मर्जी" म्हणालात. तो वर बसलेला आपल्या विहिरीवर पाणी काढायला आला होता वाटतं! पुढे मला डॉक्टर केलंत. लोक म्हणायचे, बिनआईच्या पोरीसाठी बापानं केवढं केलं. मी मान खाली घालून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, थांबा थोडं.

मला वादाची दुसरी बाजू कळत नाही असं समजू नका. मी स्वतः टरबुजांच्या गाड्या उलट्या करवल्या आहेत. एका बाईनं रस्त्यात बसून माझ्या नावानं बोटं मोडली, ती रास्त होती. हातावर पोट असलेल्याला बंदीचा मार कसा बसतो, ते मी तुमच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. पण सूट मागायला कोण येतं तेही पाहिलं आहे. मांडववाला येतो, पुढारी येतो, मुलीचा बाप येतो. आमच्यासाठी नियम ढिला करा म्हणून कुठली चुलीपुढली बाई कधी माझ्या ऑफिसात आली नाही. ढिलाई मागतो एक आणि भोगतो दुसरा. हे मी बैठकीत कितीदा सांगितलं! सगळे ऐकून घेतात आणि पुढचा विषय काढतात.

आणि मग तुम्ही गेलात. वय झालं होतं, झोपेत गेलात, तेही तुमच्या सोयीनं. तो पावसाळ्याचा दिवस आणि शहरात पुन्हा साथ. या वेळचा नियम असा, की वस्तीच्या आरोग्य अधिकाऱ्यानं परवानगी दिली तर पंगत होईल. आपल्या वस्तीची अधिकारी कोण? मी! भाऊ म्हणाला, "तू त घरचीच हायेस, देऊन टाक ना परवानगी." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेरवीच्या दिवशी खात्याची दोन माणसं घेऊन दारात उभी राहिले. पाणी मी स्वतः तपासलं, त्यात औषध बरोबर पडलं होतं. परवानगी द्यायला काहीही हरकत नव्हती. तरी मी फिनाइलचा डबा उघडला आणि वडे, भात, कढी, बुंदी, सगळ्यावर माझ्या हातानं ओतला. भाऊ किंचाळला, "बापाच्या तेरवीचं अन्न हाय हे! लाज वाटते का नाही?" मी म्हटलं, "साथ आहे. सूट मिळणार नाही." काय बरं वाटलं म्हणून सांगू बाबूजी! इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. गल्ली उपाशी परत गेली, आणि तुमच्या नावानं एक घास कुणाच्या तोंडात पडला नाही.

 वहिनी मागच्या अंगणात उभी होती, मनगटापर्यंत डाळीचं पीठ वाळलेलं. मी जवळून जाताना हळूच म्हणाली, "ताई, बाबूजी थोडी जेवनार होते? आमी बाया पहाटपासून उपाशी हावो." रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि खराटा घेऊन फिनाइल धुवायला लागली.  आज बैठकीतून येतानाही रस्ताभर मी तिला द्यायचं उत्तर शोधत होते.

हे पत्र कुठे टाकणार? उद्या पुन्हा बैठक आहे आणि मी बंदीच्याच बाजूनं बोलणार आहे. तुम्हाला माफ केलं असंही समजू नका. एवढंच, की फिनाइलचा डबा उघडण्याआधी मी परातीतला एक वडा उचलला होता, आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला होता. चांगला झाला होता, गरम होता. तुमच्या तेरवीला जेवलेली मी एकटीच.