डबा यवतमाळला नेते आहे

निकिता,

कॉम्प्युटरचा डबा तुझ्या सासऱ्यांच्या दुपट्ट्यात बांधून मी यवतमाळला नेते आहे. काल त्यात नवीन सिस्टीम चढत होती आणि आभाळ गरजलं. असं झालं की ते टीव्हीची पिन काढायचे, माझाही हात तसाच कॉम्प्युटरच्या पिनेवर गेला आणि तो बंदच पडला. आपल्या पुसदचा मेकॅनिक म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकू. रजत, त्यांचाच मुलगा, हो म्हणून मोकळा झाला. शेवटच्या पोळ्याला त्यांनी बैलांपुढे म्हटलेल्या झडत्या त्यांच्या आवाजात त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. यवतमाळचा दुकानदार आधी त्या काढून बघणार आहे.

वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. आवाज निघाला तर फोन करीन. नाही निघाला तर संध्याकाळच्या एसटीनं येईन. तेव्हा मले कोणी काही विचारू नका.

आई