सराव बघायला येणारा माणूस

२९ ऑक्टोबर १९७३

आज बास्केटबॉल कोर्टवर दगडाला गुंडाळलेली चिठ्ठी येऊन पडली. लीनाच्या पायाशी. ती कॅप्टन, तिनेच उचलली, वाचली आणि तशीच उभी राहिली. मी हातातून ओढून घेतली. काय लिहिलं होतं ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

भिंतीवर शेजारच्या कॉलेजची नेहमीची आठ-दहा पोरं. मी शिट्टी फुंकली तर हसली!

आणि हे सगळं माझ्यामुळे. सराव बघायला लोकांना येऊ द्या, ही कल्पना माझीच. गेल्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत फायनलला आमच्या मुली नुसत्या गलक्यानेच गारठल्या. सहा फ्री थ्रो मिळाले, एक आत गेला नाही. तेव्हा मीच प्रिन्सिपॉल बाईंना म्हटलं, रोज चार लोकांसमोर खेळल्या तर भीड चेपेल, संध्याकाळी फाटक उघडं ठेवू या. बाई नाखुषीने हो म्हणाल्या. तेव्हापासून लोक येतात. होस्टेलच्या मुली, फिरायला निघालेले पेन्शनर, स्वेटर विणत बसणाऱ्या दोन-तीन आया. मुली खुलल्या होत्या, खरंच! कृष्णा तर फारच. हरियाणाची, उंच, बोलणं जवळजवळ नाहीच. पण डाव्या हाताने चेंडू असा सोडते की रिंगला लागतही नाही. यंदा तिच्या जोरावर जिंकू असं मनात धरून बसले होते.

आता ही चिठ्ठी.


३० ऑक्टोबर

प्रिन्सिपॉल बाईंनी बोलावलं. बसा म्हटलं नाही. "मिस खानझोडे, एक तर फाटक बंद करा, नाही तर टीम बंद करते. सोमवारपर्यंत सांगा."

खोलीवर आले तर माझ्याबरोबर राहणारी सुनंदाही तेच म्हणाली. ती सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत आहे. "अगं, काम अर्धवट असताना आम्ही कुणाला आत घेतो का? यंत्र तयार झालं की मग दाखवायचं."

मी म्हटलं, मुली म्हणजे यंत्रं नाहीत. कुणी बघणारं असलं की माणूस वाढतं.

"आणि कुणी दगड मारणारं असलं की?"

मी ताट सरकवलं. जेवले नाही.


१ नोव्हेंबर

मुलींना विचारलं. सातजणी म्हणाल्या बंद करा, चारजणी म्हणाल्या राहू द्या. कृष्णा काहीच बोलली नाही.


२ नोव्हेंबर

आज सोक्षमोक्ष लावला!

पाचच्या सुमारास भिंतीवरून पुन्हा शिट्ट्या, पुन्हा लीनाच्या नावाने ओरडणं. मी चौकीदाराला घेऊन धावले. पोरं पटापट पलीकडे उड्या टाकून पसार. एकही हाती लागला नाही. 

मग तो दिसला. कोपऱ्यात, जांभळीखाली, सायकलला टेकून बसलेला माणूस. पन्नाशीचा असेल. तेलकट खाकी कपडे, अंगावर खेस, इकडची जाड सुती चादर. गेले कित्येक महिने येतोय. कुणाशी बोलत नाही, नुसता बघतो. तो पळाला नाही म्हणून मला जास्तच संताप आला. सगळ्यांसमोर ओरडले, "रोज रोज काय बघायला येता? लहान लहान मुली आहेत! घरी लेकीबाळी नाहीत?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "है जी." आहेत म्हणे!

मी चौकीदाराला म्हटलं, काढा याला बाहेर. त्याने कॉलर धरली आणि फाटकापर्यंत ओढत नेलं. सायकल मागून ढकलली. फाटकाला कुलूप.

मला हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, छान वाटलं.


३ नोव्हेंबर

बंद फाटकात पहिला सराव. शांतता. चेंडूचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

कृष्णा आली नाही. ताप असेल.


६ नोव्हेंबर

कालही नाही, आजही नाही. वर्गातही नाही. लीना म्हणते, तिच्या घरचं कुणालाच काही माहीत नाही, ती कुणाला घरी नेत नाही. ऑफिसमधून पत्ता काढला. रोडवेजच्या, म्हणजे सरकारी बसवाल्यांच्या, क्वार्टर्स. उद्या जाते.


७ नोव्हेंबर

कसं लिहू?

क्वार्टर शोधत गेले. दार वाजवलं. दार उघडलं त्याने.

तोच. तोच खाकी शर्ट, तीच सायकल दाराशी. मला वाटलं मी चुकीच्या घरी आले. तो मात्र दचकला नाही. हात जोडून म्हणाला, "आओ जी, मैडम जी." जणू वाटच बघत होता.

हरफूल नाव त्यांचं. वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. कृष्णाचे वडील.

मी खुर्चीवर बसले. त्यांनी स्वतः चहा केला. कृष्णा आईबरोबर गावी गेली आहे म्हणाले. चार वाजता पाळी सुटली की ते तसेच सायकलवर यायचे. हातपाय धुवायला घरी आलं तर अर्धा सराव चुकतो म्हणून! गावाकडे थोरला भाऊ आहे, त्याला पोरींनी असले कपडे घालून खेळणं पसंत नाही. त्याच्याशी भांडून यांनी तिला खेळू दिलं होतं. "छोरी नै बेरा भी कोनी," म्हणाले. मी येतो हे पोरीला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मी माफी मागितली. पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरले. "ना जी, ना. म्हारे बरगे आदमी नै देख कै और के सोचोगे?" आमच्यासारख्या माणसाला बघून तुम्ही दुसरं काय समजणार! रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, कृष्णाला पाठवा. तिची काय चूक?

त्यांनी माझा रिकामा कप उचलून ठेवला. मग म्हणाले, "मन्नै रोकी सै जी." मीच थांबवलं. "जिथे बापाला बसता येत नाही, तिथे पोरीचं काय काम?"

निघताना क्वार्टर्सच्या फाटकापर्यंत सोडायला आले. जरा घुटमळले. मग तीन बोटं वर करून विचारलं, तुम्ही कधी कधी अशी तीन बोटं दाखवून शिट्टी का मारता? इतके महिने बघतोय, समजलं नाही. कुणाला विचारायचं?

मी सांगितलं. बास्केटखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. आपली टीम चेंडू खेळवत असेल तर.

"अच्छा!" म्हणाले. केवढे खूश झाले.

घरी चालत आले. बसमध्ये लोकांसमोर रडले असते.


९ नोव्हेंबर

प्रिन्सिपॉल बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, आपण कॉलेजतर्फे माफीचं पत्र देऊ. त्या म्हणाल्या, "तो वडील होता हे त्याच्या कपाळावर लिहिलं होतं का? फाटक बंद केलंत ते उत्तम केलंत."

मीच माझ्या नावाने पत्र लिहिलं. सुनंदाने हिंदी तपासून दिलं. टपालात टाकलं.


१५ नोव्हेंबर

उत्तर नाही.


१८ नोव्हेंबर

पुन्हा गेले होते. कुलूप. शेजारीण म्हणाली, ड्यूटीवर गेलेत.

सुनंदा म्हणते, किती दिवस उगाळणार आहेस? तिला काय सांगू! पळून गेलेल्या दहांपैकी एकाचंही मी काही करू शकले नाही. आणि जो पळाला नाही, ज्याला पळायचं कारणच नव्हतं, त्याच्यावर सगळं काढलं. का? तर कपडे तेलकट होते. पेन्शनरांपैकी कुणी, कोटातला, तिथे बसला असता तर मी त्याची कॉलर धरायला लावली असती का? नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे.


२४ नोव्हेंबर

फायनल हरलो. अठ्ठेचाळीस–एकवीस.

आधीचे सामने आमच्याच कोर्टवर, बंद फाटकाआड झाले होते; इथे मैदान गच्च भरलेलं. मुली आत गेल्या आणि त्यांचे चेहरेच बदलले. तीन आठवडे त्यांनी माझ्याशिवाय कुणाचा आवाज ऐकला नव्हता. पहिल्याच हुल्लडीला लीनाच्या हातून चेंडू सुटला. मग सुटतच गेला. गेल्या वर्षीचीच गत, उलट वाईट. कृष्णाच्या जागी खेळवलेली मुलगी मध्यंतरात ओकली.

 परतताना गाडीत प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या, "निदान शिस्तीत हरलो."


२५ नोव्हेंबर

रविवार. दिवसभर अंथरुणात.

फाटक उघडं ठेवलं तर चिठ्ठ्या येतात, बंद केलं तर मुली माणसांना घाबरतात. बघायला येणाऱ्यांतला कोण कशासाठी येतो हे बाहेरून कळत नाही, आणि मला कळतं असं मी समजत होते. अकरा वर्षं मुलींना शिकवतेय! अमरावतीला आईला लिहायला बसले, परत येते म्हणून. दोन ओळी झाल्या. फाडून टाकलं. तिथे तरी जाऊन काय शिकवणार?


२७ नोव्हेंबर

राजीनामा लिहिला. पर्समध्ये आहे. द्यायचा धीर झाला नाही. तेवढंसुद्धा जमत नाही.


२८ नोव्हेंबर

कृष्णा आली. स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली. मला वाटलं, पत्राचं उत्तर आणलं.

म्हणाली, "बापूंनी मला नाही थांबवलं, मॅडमजी. ते रोज म्हणतात जा. मीच येत नाही. ते येतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लांब बसा, कुणाला सांगू नका, हे मीच त्यांना सांगितलं होतं."

मी म्हटलं, बस. ती बसली नाही.

"त्या दिवशी त्यांना बाहेर काढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

वाजवल्या होत्या. मी ते इथे लिहिलं नव्हतं.

"मीसुद्धा वाजवल्या," ती म्हणाली. "त्यांनी वळून बघितलं होतं."