बुधवारी भरलेली पातेली

आई, काल एका कुत्र्याचा जीव तुझ्या पातेल्यांनी वाचवला. पातेली तुझी नव्हती, हिंजवडीतल्या एका ताईंची होती, आणि कुत्राही त्यांचाच. पण भरली होती तुझ्या पद्धतीनं. तू गेलीस तेव्हा हिंजवडी म्हणजे शेतं होती. आता तिथं काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत काम करणारी माणसं बर्फातली कुत्री पाळतात. ती कुत्री मी फिरवतो. हो, हेच सध्याचं काम. मधे कंपनीच्या बसवर क्लीनर होतो, लोणी काळभोरला नर्सरीत गुलाबांना पाणी घालायचो, गोव्यालाही जाऊन आलो, तिथलं सांगायला बसलो तर कुत्रा राहील बाजूला. बाबांना हे काम सांगितलं तर म्हणाले, "बघू, कुत्री किती दिवस टिकू देतात."

तर हा कुत्रा हस्की आहे. निळे डोळे, अंगावर गादीभर केस. नाव परदेशी आहे आणि सोसायटीच्या वॉचमनच्या तोंडात बसत नाही, म्हणून तो त्याला 'साहेब' म्हणतो. मीही तेच म्हणतो. ताई नागपूरच्या, आणि पुण्याच्या उन्हाबद्दल त्यांचं मत फार वाईट. "भाऊ, हे काय ऊन आहे का? तुमचा मे महिना म्हणजे आमची दिवाळी!" मी म्हटलं, ताई, साहेब नागपूरचे नाहीत. त्या हसल्या. मी मात्र साहेबांना ऊन उतरल्याशिवाय बाहेर काढत नाही, आणि काढण्याआधी चप्पल काढून रस्त्यावर उभा राहतो. वॉचमनला वाटतं मी नवस बोललोय. त्याला काय सांगू? खडकीला आपल्या क्वार्टरच्या पायरीवर तो पिवळा कुत्रा असायचा, जो आपला नाही असं तू सगळ्यांना सांगायचीस आणि त्याच्या नावची एक भाकरी जास्त थापायचीस, त्याला फिरवायचा हट्ट मी दुपारी धरला की तू माझ्या चपला काढून घ्यायचीस. "जा, आधी तू उभा राहा. तुझे तळवे टिकले तर त्याचे टिकतील." मी डांबरावर नाचत परत येतो आणि तू विचारतेस, "झालं फिरून?" पिवळ्या तोवर मोरीत ओल्या फरशीवर पोट टेकून झोपलेला असतो, माझ्यापेक्षा शहाणा.

आता पातेल्यांचं. पुण्यात गुरुवार म्हणजे दत्ताचा वार आणि लाईटवाल्यांचाही. काय दुरुस्ती करायची ती गुरुवारी, आणि लाईट गेली की पाणीही गेलं. म्हणून तू बुधवारी संध्याकाळी हंडे, कळश्या, कुकर, तपेली, शेवटी वाट्यासुद्धा भरायचीस. बाबा म्हणायचे, "चमचे राहिले." तू म्हणायचीस, "उद्या वाटीभर पाणी मागाल तेव्हा बोला." ही सवय माझ्या हातात कुठून उतरली माहीत नाही, कारण दुसरी एकही चांगली सवय उतरलेली नाही. परवा साहेबांना फिरवून आणलं आणि ताईंच्या स्वयंपाकघरात सगळं भरून ठेवलं. ताई बघत राहिल्या. "भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही? कोणाचं बारसं आहे का? इथं टँकर येतो, जनरेटर आहे." मी म्हटलं, असू दे, उद्या गुरुवार आहे. त्यांना वाटलं, माझा उपास आहे.

काल दुपारी मी खाली टपरीवर चहा पीत होतो आणि टपरीचा पंखा थांबला. वॉचमन म्हणाला, "आत्ता टपरीची गेली. आपल्या बिल्डिंगची सकाळपासूनच नाही." मी म्हटलं, जनरेटर? "जनरेटर लिफ्टला. एसीला कोण देतो?" मग माझ्या डोक्यात आलं. ताई साहेबांना एसी लावून, गार हवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करून ऑफिसला जातात. चहा तसाच टाकला. माझ्याकडे किल्ली असते. दार उघडलं तर भट्टीचं दार उघडावं तसा वाफारा आला. साहेब दारातच आडवे. धाप अशी, की सगळं अंग हलत होतं. हिरड्या लालभडक, तोंडातून चिकट लाळ, आणि निळे डोळे माझ्याकडे होते पण मला बघत नव्हते. मी खिडक्या उघडल्या, नळ सोडला. नळ नुसता खोकला. मग तू माठाला ओलं फडकं बांधायचीस ते आठवलं, आणि मी ताईंची चांगली चादर भिजवून साहेबांना गच्च गुंडाळलं. तोवर ताईंना फोन झाला, ताईंनी साहेबांच्या डॉक्टरीणबाईंना जोडून दिलं.

"शुद्धीत आहे?"

"आहे, पण ओळख दाखवत नाही."

"काय केलंत आतापर्यंत?"

"ओल्या चादरीत गुंडाळलंय. माठासारखं."

मग बाई म्हणाल्या, "माठ पाझरतो म्हणून गार होतो. कुत्रा पाझरतो का? उकडताय तुम्ही त्याला. काढा आधी ती चादर."

"फ्रीजमधला बर्फ घालू?"

"सरबत करताय? साधं पाणी. पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर. ओतत राहा आणि वारा घाला. तोंडात ओतू नका, चाटलं तर चाटू दे. मग लगेच इकडे आणा. उठून चालायला लागला तरी आणा."

मी एकेक पातेलं उपडं करतोय, दुसऱ्या हातानं पिझ्झ्याच्या खोक्याच्या झाकणानं वारा घालतोय. हंडा संपला, कुकर संपला, चहाचं भांडं संपलं. तेवढ्यात ताई धापा टाकत आल्या. ट्रॅफिकमधे रिक्षा सोडून पळत आलेल्या, गळ्यात ऑफिसचं कार्ड आणि हातात कांदा. "लू लागली की कांदा देतात ना जी! याला चारा!" फोन चालूच होता. बाई म्हणाल्या, "कांदा कुत्र्याला विष आहे. तो भेळेत घाला." ताई कांदा हातात धरून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "माझ्याचमुळे झालं, भाऊ. जाईल का तो?" वाट्या उरल्या होत्या, त्या ओतायला घेतल्या. शेवटची वाटी पंजावर ओतली आणि साहेबांनी मान वळवून ती वाटी चाटली. मग ताईंकडे बघितलं. खरंच बघितलं.

एसीच्या टॅक्सीतून नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं, रात्री तिथंच ठेवून घेतलं. ताई म्हणाल्या, "आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं कळते." बाई म्हणाल्या, "तुम्ही नागपूरच्या. तो नाही." हे मीच आधी बोललो होतो, पण माझं कोण ऐकतं? आज सकाळी साहेब उठले आणि दवाखान्याच्या स्टुलावर पाय वर केला. बाईंनी तो चांगला रिपोर्ट मानला. बाहेर पडताना ताई हळूच म्हणाल्या, "बुधवारचं भरून ठेवाल ना जी, भाऊ? वाट्यापण."

येताना मी एक माठ घेतला. तू म्हणायचीस, माठ घेऊन हिंडता येत नाही. म्हणूनच मी आजवर बाटलीवर भागवलं. खोलीत तिवई आहे, तिचा एक पाय आखूड आहे. हे पत्र तुला कुठं पाठवणार, घडी घालून त्या पायाखाली सारतो. नवा माठ पाझरेल आणि अक्षरं फुटतील, पण माझं अक्षर तुला तसंही कधी लागलं नाही. आणि एक सांगतो, बाबांना बोलू नकोस. ती शेवटची वाटी ओतताना मी "आई" म्हणून ओरडलो होतो. ताईंना वाटलं, पाय घसरला.