शंभराला सहा

दादर,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय नमू,

कशी आहेस? आईचे गुडघे तसेच आहेत, तरी परवा तिने हट्टाने अळूवड्या केल्या. लालबागला एव्हाना मंडप उभे राहिले असतील. गर्दी वाढली की तुझ्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून तू आमच्या कंपनीचा माल या गुरुवारीच पाठवते आहेस, हे कळलं.

त्याबद्दलच लिहिते आहे. फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांवर येऊन थांबले.

जुलैत तुझ्या कारखान्यात आले होते, तेव्हा तू म्हणालीस, "वैदू, मला ते ताळेबंद-बिळेबंद कळत नाय. तिकडचे हिशेब तूच बघतेस ना? एक आकडा सांग, मी चादरी शिवायला घेते."

मशीनवरून कमळाबाई ओरडल्या, "आकडा विचारतंस की मटको लावतंस गो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "दीड."

दीड खरं आहे. आमच्या कंपनीला वर्षभरात दीड कोटी द्यायचे आहेत आणि चालू मालमत्ता, म्हणजे वर्षभरात ज्याचा पैसा होईल ते सगळं, सव्वादोन कोटींची आहे, देण्याच्या दीडपट. पण तिच्यात हॉस्पिटलांकडे अडकलेली बिलं आहेत, गोदामात पडून राहिलेले हिरवे गाऊन आहेत. ते सगळं बाजूला काढून नुसती रोकड आणि बँकेतली शिल्लक धरली, तर नऊ लाख. म्हणजे कुणी शंभर रुपये मागायला आलं, तर हातात सहा. याला रोख गुणोत्तर म्हणतात. तीन महिन्यांच्या उधारीवर माल देणाऱ्याने हेच विचारायचं असतं. तुला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

आदल्या दिवशी आमचे मालक शंतनुसाहेब केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते, "वैदेहीताई, मैत्रिणीला खोटं काही सांगायचं नाही. दीड सांगा. दीड आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

तुला 'दीड' सांगितलं त्याच संध्याकाळी मी दोन्ही आकडे रोजनिशीत लिहिले. वहीत कबूल केलं की माणसाजवळ केल्यासारखं वाटतं, ही माझी जुनी खोड. महिनाभर त्यावर निभावलं.

आणखी एक राहिलं. मला मे महिन्यापासून पगार नाही. त्या दीड कोटींत माझेही तीन महिने आहेत. तुझ्या चादरी आल्या की हॉस्पिटलची ऑर्डर पुरी होते, त्यावर बँक उचल देते, आणि त्यातून आधी पगार निघणार आहेत. 'दीड' म्हणताना हे मला माहीत होतं. घराचे दोन हप्ते थकलेत. नोकरी सोडली तर ते तीन महिने गेले. राहिले तर पुढच्या माणसाला 'दीड' सांगायचं.

काल कमळाबाई दादरला भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, "नमून कापडासाठी बांगड्यो गहाण ठेवल्यान. तुझ्यावर भरवसो तिचो."

नमू, टेम्पो पाठवू नकोस. शिवलेला माल दुसरीकडे रोखीने वीक, कमी भावाने गेला तरी. गुरुवारी गोदामावर माल उतरवून घ्यायला मीच असणार. टेम्पो दारात आला तर मी पोच देईन आणि घरी येऊन वहीत लिहीन. माझी मला खात्री नाही.

हे उद्या सकाळी ऑफिसला जाताना तुझ्या दारात टाकून जाईन. आत येणार नाही. वाचून तू फोन करशील. साहेब समोर असले तर मी कदाचित म्हणेन, "छे गं, तसं काही नाही." ते ऐकू नकोस. जे इथे लिहिलंय तेच खरं धर, म्हणून खाली पूर्ण नाव घालते आहे.

वैदेही श्रीधर खांबेटे
मुख्य लेखापाल